तालमीत चालतो, गॅदरिंगला बंद पडतो: शाळेच्या नाटकातल्या हेडसेट माइकची दुखणी आणि नवा घेताना काय बघायचं

तालमीला सगळे माइक ठणठणीत असतात. गॅदरिंगच्या संध्याकाळी पडदा वर जातो आणि दहाव्या मिनिटाला राजाचा माइक खरखरायला लागतो, प्रधानाचा मध्येच गायब होतो, राणीचा घोगरा येतो. मध्यंतरात निदान ठरलेलं असतं: हेडसेट गेले, नवीन घ्या. शाळा पुढच्या वर्षी ऑनलाइन बघून स्वस्तातले सहा-आठ मागवते आणि डिसेंबरात पुन्हा तेच.

यातले बरेचसे हेडसेट गेलेले नसतात. माइकचं मुख्य यंत्र म्हणजे दांडीच्या टोकाचं कॅप्सूल, आणि ते सहसा मरत नाही. केबल आतून तुटते, पिन सैल होते, टोकाची जाळी घामाने किंवा मेकअपने बुजते, नाहीतर तो हेडसेट मुळात त्या पॅकसाठी, म्हणजे आवाज रिसीव्हरकडे पाठवणाऱ्या कमरेच्या डबीसाठी, केलेलाच नसतो. म्हणून दुरुस्ती करायची असो की खरेदी, आधी केबल आणि पिन बघायची, कॅप्सूलचा नंबर त्यानंतर. जाहिरातीत मात्र सगळा भर कॅप्सूलवर असतो.

तालमीत चाललेला माइक प्रयोगात का रुसतो, याचं उत्तर दोन्हींतल्या फरकात आहे. तालमीला मुलं शाळेच्या गणवेशात, पंख्याखाली, निम्म्या आवाजात बोलतात. प्रयोगाला जाड जरीचा अंगरखा, फेटा, चेहऱ्यावर पॅनकेक, डोक्यावर हॅलोजन किंवा पार लाइट, समोर पाच-सहाशे माणसं आणि तितकेच मोबाइल. मूल घाबरून किंवा चेव येऊन दुप्पट ओरडतं. सेलही बहुधा तालमीतलेच असतात.

आधी दोष कुठे आहे ते पकडा

खरखर ऐकू आली की लोक मिक्सरचे नॉब फिरवायला लागतात. त्याआधी एक अदलाबदल करून बघा. दोन मिनिटांचं काम आहे. खराब वाटणारा हेडसेट काढून चांगल्या चाललेल्या दुसऱ्या पॅकला लावा आणि त्याचा हेडसेट या पॅकला. दोष हेडसेटबरोबर गेला तर हेडसेट खराब. दोष जागेवरच राहिला तर पॅक, सेल, रिसीव्हर किंवा फ्रिक्वेन्सी. दोन्ही जोड्या नीट चालल्या तर पिन नीट बसलेली नव्हती किंवा तिच्यावर गंज होता. यासाठी सगळ्या हेडसेटची पिन एकसारखी असणं फार सोयीचं पडतं. हा मुद्दा खरेदीच्या वेळी पुन्हा येईल.

दोष हेडसेटमध्ये आहे असं कळलं की तो लावून आवाज चालू ठेवा आणि केबल दोन बोटांत धरून इंचाइंचाने हलवा. पिनेपासून सुरुवात करा, मग मानेजवळचा भाग, मग कानामागे केबल दांडीत शिरते ती जागा. जिथे हलवल्यावर चरचरतं तिथे तार तुटलेली. बहुतेक वेळा ती पिनेपासून पहिल्या तीन-चार सेंटिमीटरांतच सापडते, कारण मूल खाली बसलं, वाकलं, खुर्चीला टेकलं की केबल तिथेच काटकोनात मुडपते.

घरी मल्टिमीटर असेल तर ३.५ मिमी पिनेच्या हेडसेटची आणखी एक परीक्षा करता येते. पिनेचं टोक आणि बूड यांच्यामध्ये रोध मोजायचा. मीटर अनंत दाखवत असेल तर तार तुटली, शून्याजवळ असेल तर शॉर्ट आहे. मधला कुठलातरी आकडा येऊन केबल हलवताना तो उड्या मारत असेल, तर तुटण्याच्या बेतात आहे. असा माइक तालमीत शंभर टक्के चालतो आणि प्रयोगात हमखास दगा देतो.

केबल: दुरुस्त कधी करायची

पिनेजवळ तुटलेली केबल दुरुस्त होते. तुटलेल्या जागेच्या पुढे सेंटिमीटरभर कापायचं आणि नवी पिन डागायची. यात एक खोच आहे. स्वस्त हेडसेटच्या केबलमधल्या तारा केसाइतक्या बारीक असतात, त्यांच्यावर रंगीत लाखेचा थर असतो आणि मध्ये नायलॉनचे धागे गुंफलेले असतात. लाख जळाल्याशिवाय कथिल धरत नाही. सोल्डरिंग आयर्न ३५० ते ३८० अंशांवर ठेवून टोकाला कथिलाचा थेंब घ्यायचा आणि तार त्या थेंबात दोन-तीन सेकंद बुडवून धरायची. लाख धूर होऊन निघते आणि तार चकाकते. मगच पिनेला जोडायची. हे न करता नुसती चिकटवलेली तार आठवडाभर काम देते आणि पुन्हा खरखरते. पिनेच्या मागे श्रिंक ट्यूबचे (गरम केली की आवळणाऱ्या नळीचे) दोन थर द्या, आतला आखूड आणि बाहेरचा लांब, म्हणजे वाकण्याची जागा एका बिंदूवर न राहता पसरते.

दांडीच्या आत किंवा कानामागच्या सांध्यात तुटली असेल तर चारशे-पाचशे रुपयांच्या हेडसेटवर वेळ घालवू नका. त्याची पिन आणि फोम काढून ठेवा, बाकी टाकून द्या.

नवी केबल तुटू नये म्हणून पॅकजवळ एक सैल वेटोळं ठेवायचं: पिनेतून बाहेर आलेली केबल वर वळवून पॅकच्या अंगाला कागदी टेपने चिकटवली की ओढ पिनेवर न येता टेपवर येते. काम झाल्यावर केबल पॅकभोवती घट्ट गुंडाळायची सवय मात्र सगळ्यांना असते, अगदी भाड्याने सामान देणाऱ्यांच्या पोरांनासुद्धा. हेडसेटचं आयुष्य निम्मं करणारी याहून खात्रीची रीत नाही.

उडी मारली की तीन सेकंद आवाज गायब

लेझीम, फुगडी, लढाईचा प्रवेश असेल आणि माइक नेमका तेव्हाच जाऊन दोन-तीन सेकंदांनी परत येत असेल, तर हेडसेटला दोष देऊ नका. सेल क्षणभर स्प्रिंगपासून सुटतो, पॅक बंद होतो आणि पुन्हा चालू व्हायला तेवढा वेळ घेतो. डबल-ए सेल सगळे एका मापाचे म्हणवले जात असले तरी वेगवेगळ्या कंपन्यांच्या सेलच्या लांबीत आणि वरच्या बोंडात बारीक फरक असतो. स्प्रिंग किंचित बाहेर ओढा आणि झाकणाच्या आतून पातळ फोमची पट्टी चिकटवा, म्हणजे झाकण लावल्यावर सेल दाबून बसतात. पॅक हातात धरून जोरात हलवून बघा, दिवा मिटता कामा नये.

सेल अल्कलाइनच घ्या. भिंतीवरच्या घड्याळात घालतो ते साधे सेल घड्याळाला पुरतात. पॅक त्यांच्याकडून कितीतरी पट जास्त विजेची ओढ करतो आणि ते अर्ध्या कार्यक्रमात बसतात. पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल सेलही चालतात, मात्र ते १.२ व्होल्टचे असल्यामुळे काही पॅकचा बॅटरीचा दिवा सुरुवातीपासूनच कमी दाखवतो आणि शेवटी अचानक मान टाकतो. ते वापरायचे तर घरी एकदा पूर्ण चार्ज करून पॅक किती तास चालतो ते मोजून ठेवा. तालमीला वापरलेले सेल प्रयोगाला घालायचे नाहीत, एवढा नियम पाळला तरी निम्मी भानगड मिटते.

आवाज घोगरा, दबलेला: घाम, तेल, चमकी

सुरुवातीला स्वच्छ, मग पंधरा-वीस मिनिटांनी हळूहळू घोंगडं टाकल्यासारखा दबलेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ठीक, असं असेल तर तो घाम. कॅप्सूलच्या टोकाला बारीक जाळी किंवा भोक असतं. घामाचा एक थेंब तिथे अडकला की वरचे स्वर आत जात नाहीत. मिक्सरवर ट्रेबल वाढवून हे भागत नाही, फक्त शिट्टी सुरू होते.

घाम कानावरून दांडीवरून ओघळत टोकापर्यंत येतो, हे डोळ्यांनी बघितलं की उपाय आपोआप सुचतो. दांडीला असा बाक द्या की ती गालावरून थोडी खाली उतरून टोकाशी पुन्हा किंचित वर येईल. ओघळ सगळ्यात खालच्या जागी थांबून गळून पडतो. शिवाय टोकाच्या सेंटिमीटरभर मागे मायक्रोपोअरची, म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कागदी टेपची तीन मिलिमीटर रुंद पट्टी दोन-तीन वेढे घालून गुंडाळा. ही कडी ओघळ अडवते. अंक संपला की पट्टी बदलायची.

थेंब गेलाच तर टोकाची टोपी निघत असेल तर काढा, टिश्यूने टिपा आणि पाच मिनिटं पंख्याच्या गार हवेत धरा. हेअर ड्रायरची गरम हवा किंवा डब्यातली दाबाची हवा कॅप्सूलवर मारू नका, आतला पडदा कायमचा जातो. टोपी मेकअपने भरली असेल तर ती एकटी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून धुता येते. टोपी निघत नसेल तर माइकचं टोक खाली करून मऊ कोरड्या ब्रशने झटका. खाली केल्यामुळे निघालेली पावडर आत न जाता बाहेर पडते.

मेकअप आणि माइक यांचा क्रम ठरलेला असावा. आधी माइक, मग पॅनकेक, सगळ्यात शेवटी लाली आणि चमकी, आणि स्प्रे मारताना कुणीतरी टोकावर बोट धरायचं. चमकीचा एक कण जाळीत बसला तर तो महिनाभर निघत नाही.

आता टेपचं. मुलींच्या वेण्या घालताना आया चप्प तेल लावून पाठवतात, आणि खोबरेल तेल लागलेल्या कानामागच्या कातडीवर कुठलीही टेप दहा मिनिटंसुद्धा टिकत नाही. स्पिरिटच्या बोळ्याने कानामागची जागा, गाल आणि मानेचा मागचा भाग पुसून कोरडा होऊ द्या. मग अर्धा इंच रुंदीच्या मायक्रोपोअरचे तीन तुकडे लावा: पहिला कानाच्या पुढे गालावर, दुसरा कानाखाली, तिसरा मानेमागे. तिसरा लावताना मुलाला मान पूर्ण खाली घालायला सांगा, म्हणजे केबलला पुरेशी ढील राहते. मान सरळ ठेवून लावलेली टेप पहिल्याच नमस्काराला उखडते. फार घाम येणाऱ्या मुलांना ट्रान्सपोअर (तशीच, पण प्लास्टिकची टेप) जास्त घट्ट धरते, पण काढताना गाल लाल होतो. आठ वर्षांच्या आतल्या मुलांना ती टाळलेली बरी.

फेटा किंवा मुकुट असेल तर हेडसेट आधी, फेटा नंतर. फेटा बांधणाऱ्याला सांगून ठेवा की कानावरून जाणारा पदर दांडीच्या मुळाशी दाबून बसू नये, नाहीतर मुलाने मान वळवली की दांडी वळते आणि टोक थेट तोंडासमोर येतं.

पॅक कमरेला घामात भिजतो आणि पिनेच्या भोकात हिरवा गंज चढतो. पॅक पातळ झिप पिशवीत घालून, पिशवीचं तोंड वर ठेवून, ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या पट्ट्यात बसवा. असा पट्टा कुठलाही शिंपी शिवून देतो: चार इंच रुंद इलॅस्टिक, मागे खिसा, पुढे वेल्क्रो. नऊवारीत पॅक कासोट्यात खोचतात, ते चुकीचं. बसताना तो टोचतो आणि मूल नकळत हाताने हलवत राहतं. पाठीच्या खोलगट भागात, पोलक्याच्या खाली पट्टा बांधला तर दिसतही नाही. अँटेना दुमडू नका आणि अंगाला घट्ट चिकटू देऊ नका. पॅक ज्या यूएचएफ रेडिओ लहरींवर चालतो त्या माणसाचं शरीर शोषून घेतं.

आवाज फाटतो, फुत्कार येतो

दोन वेगळी कारणं आहेत आणि दोन्हींना लोक ‘माइक फाटला’ म्हणतात.

ओरडल्यावर फाटत असेल तर पॅकवरचा गेन, म्हणजे पॅक आवाज किती वाढवून घेतो ते, जास्त आहे. आवाज पॅकमध्येच फाटला की मिक्सरवर कितीही कमी केला तरी फाटलेलाच येतो. मुलाला त्याच्या नाटकातलं सगळ्यात जोरात म्हणायचं वाक्य पूर्ण ताकदीने म्हणायला लावा, ‘हॅलो, वन टू थ्री’ नव्हे. रिसीव्हरवरचा लाल दिवा लागता कामा नये, आणि त्याखाली आणखी ६ डेसिबलची जागा सोडा, कारण प्रेक्षक समोर आले की ते मूल आणखी जोरात बोलणार आहे. स्वस्त पॅकमध्ये गेनचा बारीक स्क्रू सेलच्या झाकणाखाली लपलेला असतो.

‘भ’, ‘फ’, ‘ख’, ‘ध’ म्हणताना धप्प किंवा फुस्स येत असेल तर टोक श्वासाच्या झोतात आहे. आपल्या भाषेत महाप्राण भरपूर, त्यामुळे तपासायला ‘भाऊ, फटाके फोडू नको’ हे वाक्य चांगलं. टोक तोंडासमोर नको, ओठांच्या कोपऱ्याच्या एक बोट मागे, गालापासून जरासं सुटं हवं. फार मागेही नको: अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. दोन सेंटिमीटरांवरचा माइक घसरून चार सेंटिमीटरांवर गेला की साउंडवाला फेडर वर ढकलतो, आणि त्यातून पुढची कटकट सुरू होते.

शिट्टी

एकाच वेळी उघडे असलेले माइक दुप्पट केले की शिट्टीच्या आधी मिळणारा आवाज सुमारे ३ डेसिबलने कमी होतो. एका माइकच्या जागी आठ उघडे म्हणजे ९ डेसिबल गेले. म्हणून जो बोलत नाही त्याचा माइक मिक्सरवर बंद, एवढंच. त्यासाठी मिक्सरपाशी संहिता हातात धरून एक शिक्षक किंवा नववीतला मुलगा बसवावा, ज्याला नाटक पाठ आहे. भाड्याने आलेल्या साउंडवाल्याला पुढचं वाक्य कुणाचं आहे हे माहीत नसतं आणि ते त्याचं कामही नाही.

स्पीकर मंचाच्या कडेच्या दीड-दोन मीटर पुढे ठेवा. प्रत्येक माइकच्या चॅनेलला लो-कट (खालचे स्वर कापणारी सोय) १२० ते १५० हर्ट्झवर चालू करा. आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या आवाजाचा पाया साधारण २५० ते ३०० हर्ट्झच्या आसपास असतो, त्यामुळे लो-कटने त्याच्या आवाजातलं काही जात नाही, फक्त पायांचा धपधपाट आणि कपड्यांची घसट जाते. दोन पात्रं गळाभेट घेतात तेव्हा दोन्ही माइक एकाच तोंडाजवळ येतात आणि आवाज पोकळ होतो. तेवढ्यापुरता एक बंद करा.

मुलांचे संवाद आधी रेकॉर्ड करून मंचावर नुसते ओठ हलवायला लावायचे, हा तोडगा हल्ली बऱ्याच ठिकाणी निघतो. शिट्टी जाते हे खरं. मग नाटकही जातं.

मध्येच आवाज तुटतो, भलताच सिग्नल येतो

इथे दोष हवेत असतो. २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे स्वस्त सेट रिकाम्या हॉलमध्ये छान चालतात. वाय-फाय आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात असतात आणि पालकांनी खिशातून फोन काढले की हे सेट तुटायला लागतात. दोन-तीन माइकांपलीकडे नाटकासाठी ते घेऊ नयेत.

यूएचएफ घेतानाही आकडा बघा. मोबाइल कंपन्यांसाठी झालेल्या २०२२ च्या स्पेक्ट्रम लिलावानंतर आपल्याकडे ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा ५जीसाठी वापरात आला. त्यात ७०३ ते ७४८ वर फोन टॉवरकडे बोलतो आणि ७५८ ते ८०३ वर टॉवर फोनकडे. त्यापुढे ८०० आणि ९०० च्या पट्ट्यांतही मोबाइलचीच वर्दळ. अनेक स्वस्त सेट नेमके ७४० ते ८७० च्या दरम्यानचे असतात. प्रेक्षागृहातून पालक लाइव्ह करत असतील तर पहिल्या रांगेतला फोन तुमच्या रिसीव्हरपासून पाच-सात मीटरांवर असतो. ५०० ते ७०० च्या मधला सेट मागा.

फ्रिक्वेन्सी समान अंतरावर लावू नका. ६०६.०, ६०६.५ आणि ६०७.० अशा तीन लावल्या तर पहिल्या दोघांच्या भेसळीतून तयार होणारी लहर बरोबर ६०७.० वर पडते (दोनदा ६०६.५ वजा ६०६.०) आणि तिसऱ्या माइकमध्ये घुसते. उत्पादकाने दिलेला एकच ‘ग्रुप’ निवडून त्यातले चॅनेल क्रमाने घ्या, ते गणित आधीच केलेलं असतं. मॉडेल वेगवेगळी मिसळली की हे गणित कोलमडतं.

रिसीव्हर हॉलच्या मागे मिक्सरपाशी ठेवायचा मोह होतो, तो टाळा. विंगेत, डोक्याच्या उंचीवर, मंच सरळ दिसेल असे ठेवा आणि आवाजाची केबल मिक्सरपर्यंत ओढा. मागे एलईडी वॉल असेल तर तिच्यापासून तीन-चार मीटर दूर. तिच्या पॉवर सप्लायचा कचरा रिसीव्हरमध्ये जातो. अँटेना व्हीच्या आकारात उघडा. पॅकचं बटण मुलांना दाबता येऊ नये म्हणून त्यावर टेप लावा. बंद पडलेल्या पॅकची मोकळी जागा रिसीव्हर दुसरंच काहीतरी पकडून भरून काढतो.

नवा घेताना

सगळ्यात मोठी बचत इथे आहे: पॅक आणि रिसीव्हर भाड्याने आणा, हेडसेट मात्र शाळेचे स्वतःचे घ्या. वर्षातून चार दिवस लागणाऱ्या वायरलेस सेटमध्ये पैसे अडकवण्यात अर्थ नाही, आणि भाड्याच्या सेटबरोबर येणारा हेडसेट आधीच्या पंचवीस कार्यक्रमांचा घाम पिऊन आलेला असतो. फक्त पिन जुळली पाहिजे. भाड्याने देणाऱ्याकडून पॅकच्या पिनेचा फोटो मागवा, ‘नॉर्मल पिन आहे’ या उत्तरावर विसंबू नका.

शुअरच्या पॅकला चार पिनांचा मिनी-एक्सएलआर लागतो, एकेजीला तीन पिनांचा, सेनहायझरच्या नेहमीच्या पॅकना आट्यांची ३.५ मिमी पिन. स्वस्त सेट यांपैकी कुणाचीतरी नक्कल असतात. पिन आत बसली म्हणजे चालेल असं मात्र नाही. कॅप्सूलला पॅककडून थोडी वीज लागते आणि ती कोणत्या टोकावर येते हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. तीन आणि चार पिनांचा घोटाळा निदान बसतच नाही म्हणून कळतो. ३.५ मिमीचा मात्र बसतो आणि मग आवाज अगदी बारीक येतो किंवा येतच नाही. मोबाइलच्या माइकची पिन चार भागांची असते, ती पॅकला लावून उपयोग नाही. हेडसेटच्या खोक्यावर पॅकच्या कंपनीचं नाव लिहिलेलं असावं आणि घेण्याआधी त्याच पॅकवर लावून बघावा.

केबल वेगळी निघणारा हेडसेट मिळाला तर दीडपट किंमत देऊनही घ्या. केबल आधी मरते, हे वर आलंच; इथे ती एकटी बदलता येते. व्यावसायिक नाटकांत चालणाऱ्या कंट्रीमन ई६ सारख्या हेडसेटमध्ये हीच सोय असते. ते एकेकटे शाळेच्या पूर्ण बजेटएवढे महाग असल्याने त्यांच्या वाटेला जायचं कारण नाही, पण कशासाठी पैसे मोजायचे हे त्यांच्याकडून कळतं. अगदी स्वस्तात, चार-पाचशेत, येणारा हेडसेट एका हंगामाचा समजूनच घ्यावा. दीड ते तीन हजारांतला चांगल्या केबलचा, नीट वापरला तर तीन-चार गॅदरिंगं काढतो.

दोन कानांचा घ्या, एका कानाचा नको. एका कानाचा दिसायला नीटस, पण मुलाच्या कानावर तो फिरतो. डोक्यामागची तार वाकवून लहान करता येते का ते दुकानातच बघा. बहुतेक हेडसेट मोठ्यांच्या मापाचे असतात आणि तिसरीतल्या मुलाच्या मानेवर ओघळतात. तार कडक प्लास्टिकची असेल तर नको, आत वळणारी धातूची तार हवी.

सर्व दिशांनी ऐकणारा म्हणजे ओम्नी कॅप्सूल मुलांसाठी बरा. एकदिशा माइक शिट्टीला थोडा दमदार असतो, पण त्याचं टोक जरा फिरलं की आवाज जातो आणि श्वासाचा धपका जास्त येतो. दहा वर्षांचं मूल टोक जागेवर ठेवेल ही अपेक्षा धरू नये. रंग काळ्याऐवजी बेज घ्या, तिसऱ्या रांगेनंतर तो दिसत नाही.

संख्या ठरवताना सगळ्या पात्रांना माइक हवा हा आग्रह सोडा. ज्यांना पाचपेक्षा जास्त वाक्यं आहेत त्यांना हेडसेट, बाकीच्यांसाठी मंचाच्या कडेला दोन साधे माइक. दर चार हेडसेटमागे एक सुटा ठेवा, तो पॅकसकट चालू करून विंगेत, टेपसह. प्रवेशांच्या मध्ये एका मुलाचा माइक काढून दुसऱ्याला लावायला अनुभवी हाताला तीन मिनिटं लागतात. संहितेत तेवढी जागा नसेल तर ती अदलाबदल योजूच नका. दुसऱ्याला लावताना कानाची तार आणि दांडी स्पिरिटने पुसा. उवांची तक्रार आली तर पुढच्या वर्षी एकही पालक मुलाला हेडसेट घालू देणार नाही.

पुढच्या डिसेंबरापर्यंत

कार्यक्रम संपला की त्याच रात्री पॅकमधले सेल काढा. वर्षभर आत राहिलेला सेल गळतो आणि स्प्रिंग खाऊन टाकतो. हेडसेटची दांडी आणि केबल ओलसर फडक्याने पुसून रात्रभर उघड्यावर सुकवा. केबलचं तळहाताएवढं सैल वेटोळं करून प्रत्येक हेडसेट वेगळ्या झिप पिशवीत ठेवा, आत सिलिका जेलची पुडी, बाहेर नंबर आणि दोष असेल तर तो लिहिलेली चिठ्ठी. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात पावसाळ्यानंतर पुड्या बदला. फोमच्या टोप्या दोन-तीन वर्षांत भुगा होऊन जाळीत शिरतात, त्या दरवर्षी नव्या घाला. त्यांचं पाकीट एका हेडसेटपेक्षा स्वस्त पडतं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पिशव्या उघडून केबल हलवायची परीक्षा एकदा घ्या, म्हणजे पिन डागून घ्यायला किंवा नवा मागवायला महिना हातात राहतो.